हाताबरहुकूम

“येतो की शेठ. त्यात काय एवढं,” गोरख म्हणाला, आणि समोरच्या बाकड्यावर बसलेल्या जानकूच्या बशीतला चहा त्याच्या पँटवर सांडला.

पोपटलाल शेठही गडबडले. आपल्या कापडाच्या दुकानातून घोडेगावच्या एस. टी. स्टँडमागे, गोरखच्या मोटर वायंडिंगच्या गाळ्यापर्यंत येताना त्यांनी समजुतीची सगळी वाक्यं मनात जुळवून आणली होती, ती आता तशीच परत न्यावी लागणार. नातीचं, सिद्धीचं लग्न होतं, ओझरजवळच्या लॉन्सवर. बँड रखमाजी मास्तरांचाच पाहिजे, असा घरातून बायकोचा, चंदाबाईंचा हट्ट. आणि त्या बँडपुढे उभं राहून हात करायला कोण, तर टीव्हीवरचा ऋषी राजहंस, कारण नातीला तोच पाहिजे. त्या बँडचा ढोलवाला गोरख आणि हा ऋषी, ही दोन माणसं एका मांडवात आणणं किती अवघड आहे हे शेठना ठाऊक होतं. अख्ख्या घोडेगावला ठाऊक होतं.

“नाही, म्हणजे गेल्या वर्षीचं काही मनात असेल तर...” शेठ म्हणाले.

“मनात काय ठेवायचं शेठ? ते मोठं मानूस. आमी त्येंच्या हाताबरहुकूम वाजवू. हात वर गेला तर वर, खाली आला तर खाली.”

शेठ सुटलेच. जाताना त्यांनी गोरखचा तारेने काळा झालेला हात दोन्ही हातांत धरला. ते वळून स्टँडपलीकडे गेल्यावर जानकू उठला. हा बँडमधला क्लॅरिनेटवाला, गोरखच्याच वयाचा, म्हणजे शेहेचाळीस-सत्तेचाळीसचा.

“तुला याड लागलंय का रं? वरीसभर त्याच्या नावानं बोटं मोडतोयस आन आता त्याच्याम्होरं ढोल घिऊन उभा ऱ्हाणार?”

“ऱ्हाणार.”

“का पण?”

मांडीवर जळलेल्या मोटरचा गाभा होता, त्यात तांब्याच्या तारेचे वेढे मोजत गोरख बसला.

गेल्या वर्षीचं म्हणजे काय, ते सांगितलंच पाहिजे.

टीव्हीवर एक स्पर्धा आली होती, ‘स्टार बँडमास्तर’. मालिकांतल्या सहा नटनट्यांनी बारा आठवड्यांत बँड चालवायला शिकायचं आणि दर रविवारी तीन परीक्षकांपुढे हात करून दाखवायचे. वाजवायचं काहीच नाही बरं का, नुसतं चालवायचं. त्यातला हा ऋषी, मालिकेत डॉक्टर होतो तो, अस्सल गावाकडचा बँड पाहिजे म्हणून घोडेगावात उतरला. दोन गाड्या, मोठमोठाले दिवे, मागे छत्री धरणारा माणूस आणि हातात एक पांढरी काडी. अठरा दिवस तो रखमाजी मास्तरांच्या अंगणात होता.

रखमाजी मास्तरांची क्लॅरिनेट वाजल्याशिवाय जुन्नर-आंबेगावात ज्यांची लग्नं लागली नाहीत अशी घरं कितीतरी सापडतील. वय अठ्ठ्याहत्तर, अंगाने काटकुळे, आवाज इतका हळू की कान पुढे करावा लागतो. त्यांनी जन्मात कधी बँडकडे तोंड करून हात केले नव्हते. वरातीत मास्तर पुढे चालतो आणि बँड मागे. मागच्यांना दिसते ती फक्त मास्तरची पाठ. डावा खांदा उचलला की चाल बदलायची, मान झुकली की आवाज उतरवायचा, टाच दाबली की थांबायचं. गोरख सोळा वर्षांचा असताना तळेघरला बसमधून उतरून ढोल डोक्यावर घेऊन पुढच्या वाडीपर्यंत चालला होता, ते त्याचं पहिलं लग्न. त्या दिवसापासून तीस वर्षं तो ती पाठ वाचत आला होता. स्वतःच्या बापाचा चेहरा त्याला धड आठवायचा नाही, पण मास्तरची पाठ डोळे मिटले तरी दिसायची.

मास्तरांनी त्या नटाला शिकवताना हातचं काही राखलं नाही. नवरीच्या आगमनासाठी त्यांनी स्वतः बांधलेली एक चाल होती, बँडमध्ये तिला नुसतं ‘मास्तरची चाल’ म्हणतात. दुसऱ्या कुठल्या बँडने मागितली तर ते हसून विषय बदलायचे. ती चालसुद्धा त्यांनी त्याला दिली.

आणि त्याला आलं काय? कशाला खोटं बोला, काही म्हणजे काही आलं नाही. हात दिसायला मोठा देखणा, पण तो तालाच्या मागून यायचा. ढोल पडला की मग ह्याचा हात पडणार. फरक डोळ्याला कळायचा नाही इतका बारीक, पण वाजवणाऱ्याला कळायचाच. बँडने मग काय केलं, त्याच्याकडे बघणंच सोडून दिलं. सोळाच्या सोळा माणसं गोरखच्या ढोलावर वाजवत राहिली आणि तो नट ढोलामागून हात फिरवत राहिला. टीव्हीवर मात्र असं दिसलं की साहेबांच्या काडीच्या टोकावर सगळा बँड नाचतोय. पुढे मुंबईच्या स्टुडिओत वाजवणारे होते, त्यांनीही त्याला असंच सांभाळून घेतलं असणार. वाजवणारा माणूस सांभाळूनच घेतो, ती त्याची सवयच असते.

अंतिम फेरी बघायला मास्तरांनी सगळी आळी बोलावली. गणेश मंडळाच्या खुर्च्या आणून अंगणात मांडल्या, टीव्ही ओट्यावर ठेवला. चिमाबाईंनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोने, पातेलंभर चहा टाकला. ऋषी जिंकला. मास्तरची चाल वाजत होती आणि पडद्यावर खाली अक्षरं होती, ‘ऋषी स्पेशल’. निवेदिकेने विचारलं, “एवढं सगळं शिकलास, तुझे गुरू कोण?”

तो गोड हसला. “गुरू असं कुणी नाही. माझा कान हाच माझा गुरू. गावाकडची मंडळी बिचारी अंदाजावर वाजवतात. उलट मीच त्यांना चार गोष्टी सांगून आलो.”

परीक्षक खो खो हसले. अंगणातली माणसं कप खाली ठेवून एकेक करून उठायला लागली, कुणी कुणाच्या तोंडाकडे बघेना. मास्तर म्हणाले, “पोरगं गांगारलं आसंल. केवढालं लाईट त्वांडावर,” आणि आत जाऊन पडले. त्यानंतर त्यांनी क्लॅरिनेट तोंडाला लावली नाही. दम लागतो, म्हणायचे.

गोरखच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती वर्ष झालं तरी उतरली नव्हती. त्याने डूख धरला होता. मोटर खोलताना, भाकरी मोडताना, रात्री कूस बदलताना तो मनातल्या मनात त्या नटाची गचांडी धरायचा. त्याला एकच पाहिजे होतं. त्या माणसाने लोकांसमोर, माईकवर, मास्तरचं नाव घ्यावं. आणि ते तो घेणार नसेल, तर लोकांसमोर त्याची अशी फटफजिती व्हावी की पुन्हा म्हणून काडी हातात धरू नये.

“तुला खरं सांगू का गोरख्या,” जानकू बाकड्यावर परत बसत म्हणाला, “त्या पोग्रामनं आपलं वाईट न्हाई केलं. आदी जो त्यो डीजे लावत व्हता. आता बँड पायजे म्हणत्यात. कळंबच्या दोन पोरी माज्याकडं क्लारनेट शिकाय येत्यात. पोरी, राव! कवा आसं झालं व्हतं का?”

“आन लोक इचारत्यात काय ते सांग की. पांढरं हातमोजं घालून उड्या मारणारा हाय का, म्हणून इचारत्यात. म्होरं पाठ करून चालणारा त्येंना नको झालाय.”

“बदालतंय जग.”

“त्या तुज्या पोरींना इचार, मास्तरची चाल कुणाची हाय.”

जानकू पँटवरचा चहा पुसायला लागला. त्या पोरी पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, सर, आम्हाला ऋषी स्पेशल शिकवा. ते त्याने गोरखला सांगितलं नव्हतं आणि आताही सांगितलं नाही.

गोरखचा बेत साधा होता. साधा होता म्हणूनच त्यात दुसऱ्या कुणाला घ्यायची गरज नव्हती. आजवर नटाचा हात ढोलाच्या मागून यायचा आणि ढोल त्याच्यासाठी कधी थांबायचा नाही, म्हणून त्याचं निभावलं. आता ढोल त्याच्या हाताची वाट बघणार. हात ढोलाची वाट बघणार आणि ढोल हाताची. दर टोल्याला थोडा उशीर, त्यावर आणखी थोडा. व्होल्टेज उतरलं की पाण्याची मोटर कशी आधी कण्हते, मग जड होते आणि मग बसते, तसा सगळा बँड बसणार. आणि कुणी विचारलंच तर गोरख छातीठोकपणे सांगणार, आम्ही काय केलं? साहेबांचा हात होता, तसं वाजवलं. खोटं बोलायचीसुद्धा गरज नाही.

पुढचा महिनाभर तो मोबाइलवर ती अंतिम फेरी बघत होता. आवाज बंद करून नुसता हात. मनगट कुठे वळतं, कोपर कुठे अडतं, काडी खालच्या टोकाला किती वेळ रेंगाळते. बायको म्हणाली, “आता त्या मुडद्याला जेवायलाबी हितंच बोलवा.” तो हसला. एवढं मन लावून त्याने तीस वर्षांत एकच गोष्ट बघितली होती, मास्तरची पाठ.

लग्नाच्या चार दिवस आधी तो मास्तरांच्या घरी गेला. चिमाबाई ओट्यावर मास्तरांच्या काळ्या कोटाला ब्रश मारत होत्या. “चंदाबाई सोता आल्या व्हत्या पत्रिका घिऊन,” त्या म्हणाल्या. “म्हणाल्या, मी नवी नवरी घोडेगावात आली तवा तुमी वाजवलं व्हतं, आता नातीच्या लग्नाला नुसतं बसाय या. तवापास्नं ह्येंनी तीनदा कोट घालून बघितला.”

मास्तर आतून आले. “गोरख्या, त्यो ऋषी यायचाय म्हणं.”

“व्हय.”

“मग म्या न्हाई आलो तर बरं न्हाई का? त्याला उगंच अवघाडल्यासारखं.”

गोरखला वाटलं, ह्या माणसाला धरून गदागदा हलवावं. अवघडायचं कुणी आणि कुणासाठी? पण तो शांतपणे म्हणाला, “तुमी यायचंच मास्तर. पयल्या रांगंत बसायचं. मी सोता न्यायला येतो.” मास्तरांनी बघितल्याशिवाय त्या फजितीला चव येणार नव्हती.

लग्नाच्या दिवशी टेम्पोने सगळे निघाले. ओझरला देवळाच्या कमानीपाशी टेम्पो थांबवून विघ्नहराला हात जोडले. गोरखनेही जोडले. मागायचं ते त्याने मागितलं, त्यात लाजण्यासारखं त्याला काही वाटलं नाही.

लॉन्सवर साडेदहाला नवरीचं आगमन होतं. कमानीपासून स्टेजपर्यंत लाल गालिचा, दोन्ही बाजूंना खुर्च्या, खुर्च्यांतून हजारभर माणसं. मास्तरांना गोरखने पहिल्या रांगेत कडेला बसवलं. काळा कोट, पांढरी टोपी, मांडीवर हात. बँड स्टेजच्या डाव्या अंगाला उभा राहिला. थोड्या वेळाने चार माणसांच्या गराड्यातून ऋषी राजहंस आला, सोनेरी शेरवानी, हातमोजे आणि ती काडी. बँडवर नजर फिरवताना तो गोरखपाशी थांबला आणि त्याचा चेहरा खुलला.

“अरे, ढोलवाले दादा! तुम्ही आहात म्हटल्यावर मला टेन्शनच नाही.” त्याने गोरखच्या खांद्यावर थाप मारली, आणि कानाशी वाकून हळूच म्हणाला, “सांभाळून घ्या हं, तेव्हासारखं.”

तो पुढे गेला. गोरख ढोलाचा पट्टा आवळत उभा राहिला. म्हणजे ह्याला माहीत होतं. वर्षभर गोरख समजत होता की हा येडा आहे, आपल्याला येतं असं ह्याला खरंच वाटतं. नाही, ह्याला सगळं माहीत होतं. कुणी सांभाळलं, कुणी शिकवलं, कुणाची चाल. माहीत असून तो तिथे हसला होता. गोरखच्या मनात कुठे कोपऱ्यात शेठच्या नातीसाठी थोडीशी चुकचूक होती, ती त्या क्षणी संपली.

कमानीत सिद्धी उभी राहिली. चार भावंडांनी तिच्या डोक्यावर फुलांची चादर धरली होती, पुढे सहा मैत्रिणी नाचत येणार होत्या. ऋषीने काडी उचलली, सगळ्या लॉन्सकडे बघून एकदा हसला आणि बँडकडे वळला.

पहिलं आवर्तन गोरखने त्याला दिलं. जसं अंगणात दिलं होतं तसंच, ठणठणीत. जानकूची क्लॅरिनेट वर चढली, ट्रम्पेट उघडले, मैत्रिणींची पावलं उचलली आणि माणसं टाळ्यांवर ठेका धरायला लागली. ऋषीचा हात मागून मागून मजेत फिरत होता. पहिल्या रांगेत मास्तरांचा अंगठा मांडीवर हलायला लागला होता. उंचावरून पडलं तरच लागतं, हे गोरखला पक्कं माहीत होतं.

दुसऱ्या आवर्तनाला त्याने मान वर केली आणि त्या हाताकडे बघत ढोलाची काठी धरली. हात खाली येईपर्यंत थांबला, मगच टोला दिला. मग पुन्हा थांबला. जानकूने डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याच्याकडे बघितलं. तिसऱ्या-चौथ्या टोल्याला साइड ड्रमवाला चाचपडला. ऋषीला काहीतरी जाणवलं, तो सवयीने ढोलाची वाट बघायला लागला, आणि ढोल तर त्याचीच वाट बघत होता. चाल जड झाली. मैत्रिणींचा पाय हवेत राहायला लागला. एक जण पुढे गेली, दोघी मागे राहिल्या, एकीने दुसरीचा पदर तुडवला. सिद्धी एक पाऊल टाकून थांबे, पुन्हा टाकून थांबे. फुलांची चादर तिच्या डोक्यावरून पुढे सरकली.

ऋषीने हात मोठे केले. डोळ्यांनी गोरखला खुणावलं, चला ना दादा. गोरखने मान डोलावली आणि त्याच्या हाताबरहुकूम वाजवत राहिला. त्याला इतकं बरं वाटत होतं की काय सांगावं. वर्षभराचं सगळं त्या काठीतून उतरत होतं. ऋषीच्या कपाळावर घाम आला, हसू तोंडावर तसंच राहिलं आणि त्याच्या वर डोळे भेदरले. बघ, गोरख मनात म्हणत होता, कानाला विचार तुझ्या. विचार ना गुरूला.

जानकूने लांब सूर धरून चाल ओढायचा प्रयत्न केला. मानेच्या शिरा टरटरल्या, तोंड लालबुंद झालं. पण बँड ढोलावर उभा असतो, एकटी क्लॅरिनेट काय करणार? चंदाबाई स्टेजवरून गोरखकडे बघत होत्या. रागाने नव्हे, काय होतंय ते न कळून बघत होत्या. एक टोला पुढे दिला असता तर सगळं सावरलं असतं. गोरखने तो दिला नाही.

जानकूचा श्वास संपला. ट्रम्पेट थांबले. शेवटी ढोल आणि हात दोघंच राहिले, आणि मग तेही थांबले. हजार माणसांच्या लॉन्सवर जनरेटरचा आवाज तेवढा ऐकू येत होता. सिद्धी अर्ध्या गालिच्यावर उभी होती आणि तिचे डोळे भरले होते.

ऋषीने काडी काखेत घातली, निवेदकाच्या हातातला माईक घेतला आणि लोकांकडे वळला. चेहऱ्यावर पुन्हा तेच गोड हसू होतं. असल्या माणसांचं हेच तर कसब.

“टेन्शन नको मंडळी, टेन्शन नको! हा बँड कुणाचा आहे माहितीये का? घोडेगावच्या रखमाजी मास्तरांचा. माझे गुरू! हो, लपवत नाही आज. मला जे काही येतं ते सगळं त्यांनीच शिकवलंय.” तो थांबला. “आता कळलं ना, माझं असं का होतं ते?”

सगळं लॉन्स हसलं. इतका वेळ अवघडून बसलेली माणसं सुटल्यासारखी हसली.

“आहेत का मास्तर इथे? आहेत? अरे वा! उभे राहा मास्तर, लोकांना बघू दे. टाळ्या झाल्या पाहिजेत!”

गोरखच्या हातात काठी तशीच होती. नाव घेतलं होतं. माईकवर, हजार माणसांसमोर, त्याच्याच तोंडून. वर्षभर मागितलं होतं तेच मिळालं होतं.

पहिल्या रांगेत मास्तर उठले. उठायला त्यांना वेळ लागला. शेजारच्या खुर्चीचा आधार घेतला, कोट खाली ओढला, टोपी सारखी केली. मग त्यांनी हात जोडले आणि लग्न वाजवून झाल्यावर बँडमास्तर करतात तसा चारी दिशांना वळून वळून सगळ्यांना नमस्कार केला. माणसं हसत होती, टाळ्याही वाजवत होती. मास्तरांनी चौथा नमस्कार पुरा केला आणि मगच ते बसले. बँडकडे त्यांनी बघितलं नाही.

पोपटलाल शेठनी साउंडवाल्याला हात केला. स्पीकरवरून स्पर्धेच्या अंतिम फेरीतली तीच चाल लागली, स्टुडिओत वाजवलेली, चकचकीत. सिद्धी डोळे पुसून पुढे चालली, मैत्रिणी नाचल्या, ऋषीने तिच्यापुढे काडी फिरवत लोकांना हसवलं. सोळा माणसं वाद्यं धरून बाजूला उभी होती. त्यांना कुणी वाजवा म्हटलं नाही.

दुपारी दोनला टेम्पोत वाद्यं चढवताना जानकू गोरखच्या अगदी जवळ आला.

“मुद्दाम केलंस.”

“व्हय.”

“पोरीचं लगीन व्हतं रं ते.”

गोरखने ढोल आत सरकवला.

“मास्तरला कळलंय समदं,” जानकू म्हणाला. “त्या कानाला काय कळायचं ऱ्हायलं आसंल व्हय?”

“कळू दे.”

तो ‘कळू दे’ म्हणाला खरा, पण आत सरकवलेला ढोल त्याने उगाचच पुन्हा ओढून नीट लावला. शिव्या दिल्या तर त्या खायची त्याची तयारी होती. मास्तरांनी कानफटात मारली असती तर त्याला बरंच वाटलं असतं. त्याच्या मनात सगळं बोलणं तयार होतं: तुमच्यासाठी केलं, तुम्ही त्याला सोडलंत, मला सोडवेना.

ड्रायव्हरने मास्तरांसाठी पुढची सीट पुसली होती. मास्तर पुढे बसले नाहीत. दोघांनी धरून त्यांना मागे चढवलं आणि ते वाद्यांमधून वाट काढत येऊन बरोबर गोरखच्या शेजारी, ढोलाला टेकून बसले. टेम्पो निघाला. नारायणगाव आलं.

“कवापास्नं?” मास्तरांनी विचारलं.

गोरखला कळलं नाही. “काय मास्तर?”

“हात. कवापास्नं दुखतोय?”

गोरखने आपल्या उजव्या हाताकडे बघितलं.

“टोला मागनं येत व्हता तुजा. पयलं आवर्तन चांगलं काढलंस, मग मनगाट भरून आलं आसणार. दिवसभर त्या तारा वढायच्या, दुसरं काय व्हणार?” मास्तर नेहमीसारखं हळू बोलत होते, टेम्पोच्या आवाजात त्यांचा शब्द नीट ऐकू येत नव्हता. “मला आदी सांगायचंस. शेठला सांगून दुसरा ढोल बघितला आसता. आसला हात घिऊन तू उभा ऱ्हायलास.”

समोर बसलेला जानकू गोरखकडे बघत होता. साठ वर्षांच्या वाजवण्यात मास्तरांनी ताल सुटायची दोनच कारणं पाहिली होती, आजार नाहीतर दारू. माणूस हातातलं वाद्य जाणूनबुजून बिघडवतो, हे त्यांच्या डोक्यात येणारच नव्हतं. गोरखच्या तोंडाशी सगळं बोलणं आलं होतं. जानकू वाट बघत होता.

“दोन म्हयनं झालं,” गोरख म्हणाला.

“बघ. आन अंगावर काढलंस. उंद्या घोडेगावच्या डाक्टरला दाखवू, मी येतो संगं.” मास्तरांनी त्याचा उजवा हात उचलून आपल्या मांडीवर, काळ्या कोटावर घेतला आणि अंगठ्याने मनगट दाबायला सुरुवात केली. “हितं का?”

“व्हय.”

“आन हितं?”

“हितंबी.”

कळंब मागे पडलं. मंचरला टेम्पो घोडेगावच्या रस्त्याला वळला, तरी मास्तर दाबतच होते. जानकूने तोंड बाहेर वळवलं होतं. धडधाकट हात मास्तरांच्या मांडीवर ठेवून गोरख बसून राहिला.